चाकांवरील घर आणि गोठणारें पाणी

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे, पुतणे व भाचे आज उत्तर अमेरिकेंत नोकरीधंद्यानिमित्त राहत आहेत. तिकडून येणाऱ्या छायाचित्रांत मोटारीच्या मागें जोडलेलें एक लहानसें घर पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्यास तिकडे ट्रेलर म्हणतात. आपल्याकडे ट्रेलर म्हटला म्हणजे ट्रॅक्टरामागची ट्रॉली डोळ्यांपुढें येते. हा ट्रेलर मात्र माल वाहण्याचा नसून राहावयाचा असतो. निजावयाची जागा, चूल, मोरी, न्हाणी, शौचकूप, पाण्याची टाकी व पाणी तापविण्याचा बंब, इतकें सर्व त्या पंधरा-वीस फूट लांबीच्या पेटींत बसविलेलें असतें.

उन्हाळ्यांत असें घर मोठ्या सुखाचें असतें. परंतु हिवाळा तोंडावर आला असतां धन्यानें त्याची वेळींच व्यवस्था लाविली नाहीं, तर एका रात्रीच्या थंडीनें त्यांतील पाण्याचा सर्व सरंजाम निकामी होऊं शकतो. तें कसें होतें व कसें टाळावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. विषय परदेशचा खरा. परंतु पाण्याचा स्वभाव सर्व देशीं एकच असल्यामुळें यांतील कांहीं गोष्टी आपल्या ट्रॅक्टरास, द्राक्षबागेस आणि घरांतील शेगडीसही लागू पडतात. त्या शेवटीं दिल्या आहेत.

शेतीशीं याचा संबंध

ट्रेलर ही केवळ श्रीमंतांच्या हौसेची वस्तु आहे, असें मात्र समजूं नये. आयोवा हें अमेरिकेंतील मक्याचें मोठें राज्य. तेथील फॉरेस्ट सिटी या लहान गांवांत धंदा मंदावला, तेव्हां जॉन हॅन्सन या व्यापाऱ्याच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं १९५८ सालीं ट्रेलर बनविण्याचा एक कारखाना तेथें आणविला. तोच पुढें विनेबेगो या नांवानें प्रसिद्धीस आला. गव्हाच्या सुगींत भाड्यानें कापणी करणाऱ्या टोळ्या टेक्सासपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत, जसजसें पीक पिकेल तसतशा, आपलीं यंत्रें घेऊन उत्तरेकडे सरकत जातात. त्यांचा मुक्कामही ट्रेलरांतच असतो.

याहूनही जवळचें उदाहरण साखरेच्या बिटाचें आहे. मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या सीमेवरून रेड नदी उत्तरेस कॅनडाकडे वाहते. तिच्या खोऱ्यांत बिटाची मोठी लागवड होते. मुख्य काढणी ऑक्टोबरच्या आरंभीं सुरू होते व हवामानानें साथ दिल्यास बारा-बारा तासांच्या पाळ्या लावून सुमारें दोन आठवड्यांत आटोपते. या कामास दूरदूरचीं माणसें आपापले ट्रेलर घेऊन येतात. बीड व पाथर्डीकडील ऊसतोडकरी कारखान्याच्या आसऱ्यास कोप्या उभारून राहतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, तेथें ऑक्टोबरच्या रात्रींच पारा शून्याखालीं उतरूं लागतो, आणि कामकऱ्यास पिकाची घाई असतांनाच आपल्या घरांतील पाण्याचीही चिंता वाहावी लागते.

या बिटाच्या ढिगाकडे पाहिलें म्हणजे आपल्या विषयाचें मर्म ध्यानांत येतें. गोठलेलें बीट गोठलेलें असेपर्यंत टिकतें. तें वितळलें कीं त्याच्या फुटलेल्या पेशींतून रस गळूं लागतो व ढीग सडूं लागतो. ट्रेलराच्या नळ्यांचेंही तसेंच आहे. बर्फ असेपर्यंत हानि दिसत नाहीं. ती दिसते वसंतऋतूंत, पाणी सोडल्यावर. आणि तेव्हां उपाय करण्याची वेळ गेलेली असते.

पाण्याचा स्वभाव

बहुतेक पदार्थ थंड होतांना आकसतात. पाणीही चार अंश सेल्सिअसपर्यंत आकसतें; त्यापुढें मात्र तें उलट फुगूं लागतें, आणि शून्य अंशास बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. शंभर लिटर पाण्याचा सुमारें एकशें नऊ लिटर बर्फ होतो. ही वाढ होण्यास जागा मिळाली तर कांहीं बिघडत नाहीं. उघड्या बादलींत पाणी गोठलें तर बर्फ वर उचलला जातो, इतकेंच. परंतु चोहोंकडून कोंडलेल्या पाण्याचा जोर दांडगा असतो. शून्याखालीं बावीस अंशांवर पाण्यास गोठूं न देतां दाबून धरावयाचें, तर हवेच्या नेहमींच्या दाबाच्या सुमारें दोन हजार पट दाब द्यावा लागतो. इतका दाब सोसणारी तोटी कोणीही बनवीत नाहीं.

नळी नेहमीं बर्फाच्याच जागीं फुटते, अशी समजूत आहे. ती बरोबर नाहीं. प्रथम नळीच्या एखाद्या थंड भागांत बर्फाचें बूच तयार होतें. तें वाढूं लागलें म्हणजे त्याच्या आणि बंद तोटीच्या मध्यें अडकलेल्या पाण्यावर दाब येतो. पाण्यास मागें सरतां येत नाहीं व पुढें जातां येत नाहीं. मग सर्वांत दुबळा सांधा जेथें असेल तेथें तें वाट फोडतें. म्हणून कित्येकदां बर्फ एकीकडे व चीर दुसरीकडे, असें आढळतें.

पारा शून्यावर आल्याबरोबर नळ्या फुटतात, असेंही नाहीं. एक ग्रॅम पाणी एक अंशानें थंड होतांना एक कॅलरी उष्णता बाहेर टाकतें. परंतु शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ होतांना त्यास ऐंशी कॅलरी टाकाव्या लागतात. या सुप्त उष्णतेमुळें पाण्याच्या गोठण्यास वेळ लागतो. इलिनॉय विद्यापीठांतील संशोधकांनीं घराच्या थंड माळ्यावरील, आवरण नसलेल्या नळांवर प्रयोग केले. बाहेरची हवा शून्याखालीं सुमारें सात अंशांपर्यंत उतरल्यावर त्या नळांस धोका उत्पन्न होतो, असें त्यांस आढळलें. तथापि ट्रेलराच्या धन्यानें या आकड्यावर विसंबून राहूं नये. पक्क्या घराच्या मानानें त्याच्या भिंती पातळ, नळ्या बारीक, आणि तळाखालून वारा मोकळा वाहणारा असतो. शिवाय विनिपेगसारख्या ठिकाणीं जानेवारीचें सरासरी उष्णतामानच शून्याखालीं सुमारें सोळा अंश असतें. तेथें प्रश्न एका रात्रीचा नसून चार-पांच महिन्यांचा आहे.

पाणी कोठें दडून राहतें

आतां ट्रेलरांतील पाण्याची वाट पाहूं. स्वच्छ पाण्याच्या टाकींतून एक लहान पंप पाणी ओढतो. पंपाच्या तोंडाशीं कचरा अडविण्याची गाळणी असते. तेथून एक फांटा थंड पाण्याचा व दुसरा बंबामधून जाणारा ऊन पाण्याचा. हे दोन्ही फांटे मोरी, न्हाणी व शौचकूप यांकडे जातात. शौचकूपास बहुधा थंड पाणीच असतें. पुष्कळ ट्रेलरांस बाहेरच्या बाजूस पाय धुण्याकरितां एक फवारा असतो. गांवच्या नळाचें पाणी थेट घेण्यासाठीं भिंतींत एक वेगळें तोंड असतें. वापरलेलें पाणी सांडपाण्याच्या टाकींत व मैला वेगळ्या टाकींत जातो. प्रत्येक मोरीखालीं नळी वांकडी करून तींत थोडें पाणी मुद्दाम साठविलेलें असतें, म्हणजे टाकीची दुर्गंधि वर येत नाहीं.

या वाटेंत टाकी रिकामी करणें सोपें आहे. घात होतो तो लहानसहान जागांत: पंपाचें डोकें, गाळणीची वाटी, शौचकूपाची झडप, बाहेरचा फवारा, गांवच्या नळाचें तोंड आणि मोरीखालील वांकडी नळी. नळ्या हल्लीं लवचिक प्लॅस्टिकच्या असतात व थोडाफार ताण सोसतात. परंतु सांधे, तोट्या व झडपा कडक असल्यामुळें त्या तडकतात.

प्रस्तुत लेखकाचा एक भाचा मिनेसोटा राज्यांत असतो. त्यानें एक जुना ट्रेलर घेतला. पहिल्या हिवाळ्यापूर्वीं त्यानें टाकी रिकामी केली, आंतील तोट्या उघड्या टाकल्या, बंबाचें बूच काढलें, आणि काम झालें असें समजून तो निश्चिंत राहिला. एप्रिलांत पाणी भरून पंप चालू केला, तों पंपाच्या फडताळांतून पाणी वाहूं लागलें. गाळणीची वाटी तडकली होती; ती त्यानें बदलली. परंतु बाहेरच्या फवाऱ्याची तोटी भिंतीच्या आंतल्या अंगास उभी चिरली होती, तें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. दोन्ही ठिकाणीं मिळून पेलाभरही पाणी मागें राहिलें नसेल. तोटीची किंमत क्षुल्लक होती. पण ऋतुभर भिंतींत पाणी मुरून खालची लांकडी जमीन कुजली, आणि ती बदलण्यास ट्रेलराच्या किंमतीच्या मानानें पुष्कळ पैसा गेला. थंडी नळ फोडीत नाहीं. आपण आंत विसरलेलें पाणी नळ फोडतें. हें एक वाक्य ध्यानांत ठेवलें तर पुढील सर्व कृति आपोआप सुचतात.

ट्रेलर मिटवून ठेवण्याची रीत

हिवाळाभर ट्रेलर वापरावयाचा नसेल, तर पहिली कडक थंडी पडण्यापूर्वीं पुढील क्रमानें काम करावें.

१. मैल्याची व सांडपाण्याची टाकी नेमून दिलेल्या ठिकाणींच रिती करावी. आधीं मैल्याची व मागून सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. नंतर स्वच्छ पाण्याची टाकीही पूर्ण सोडावी.

२. बंबाचा वायु व वीज दोन्ही बंद करून तो पूर्णपणें निवूं द्यावा. बाहेरून येणारें पाणी बंद करावें, ऊन पाण्याची एक तोटी उघडून आंतील दाब काढून टाकावा, आणि मगच तळाचें बूच काढावें. या कामांत घाई केल्यास कढत पाण्यानें हात-तोंड भाजतें. कांहीं बंबांत बुचासच एक धातूची कांडी जोडलेली असते; ती स्वतः झिजून बंबाच्या पत्र्यास गंजापासून वांचविते. ती फार झिजली असल्यास याच वेळीं बदलावी.

३. ऊन व थंड पाण्याच्या नळ्यांच्या सर्वांत खालच्या जागीं दोन निचऱ्याच्या तोट्या असतात, त्या उघडाव्या. नंतर घरांतील व बाहेरील प्रत्येक तोटी उघडावी. पंप क्षणभर चालवून त्यांतील पाणी काढावें. तो फार वेळ कोरडा चालवूं नये.

४. पाणी गाळण्याचें यंत्र असल्यास त्यांतील गाळणी काढून टाकावी व त्याची वाटी पुसून ठेवावी.

५. यापुढें दोन मार्ग आहेत. एक, दाबाच्या हवेनें नळ्या फुंकून काढणें. हवेचा दाब दर चौरस इंचास ३० ते ४० पौंडांहून अधिक नसावा. अधिक दिल्यास जें थंडीनें फुटावयाचें तें आपल्याच हातानें फुटेल. एकेक तोटी क्रमानें उघडून केवळ हवा येईपर्यंत फुंकावें. दुसरा मार्ग, न गोठणारा द्रव नळ्यांत भरणें. अतिशय थंड प्रदेशांत हा दुसरा मार्ग अधिक भरंवशाचा. कित्येक जण आधीं हवा व मागून द्रव, असें दोन्ही करतात.

६. द्रव भरावयाचा असल्यास प्रथम बंबास वगळून जाणारी झडप फिरवावी. ही गोष्ट विसरली तर सुमारें २३ लिटरांचा बंब भरण्यांतच सर्व द्रव खर्ची पडतो. बंब वगळला असतां लहान ट्रेलरास ८ ते ११ लिटर द्रव बहुधा पुरतो. पंपाची ओढनळी द्रवाच्या डब्यांत बुडवून पंप चालवावा. पंपाजवळच्या तोटीपासून आरंभ करून थंड व ऊन, दोन्हींतून रंगीत द्रव येईपर्यंत त्या उघड्या ठेवाव्या. शौचकूपाची झडप, न्हाणीचा फवारा व बाहेरचा फवारा विसरूं नये. गांवच्या नळाच्या तोंडांतील झडप अलगद दाबून तेथूनही थोडा द्रव बाहेर येऊं द्यावा.

७. प्रत्येक मोरीच्या वांकड्या नळींत व शौचकूपांत पेलाभर द्रव ओतावा. दोन्ही टाक्यांतही थोडा जाऊं द्यावा, म्हणजे तळाच्या झडपांची रबरें सुरक्षित राहतात.

८. बॅटरी पूर्ण भरून ठेवावी. तेजाबाची भरलेली बॅटरी शून्याखालीं पन्नास अंशांवरही गोठत नाहीं. उतरलेली बॅटरी मात्र, तिच्यांतील तेजाब पातळ झालेलें असल्यामुळें, शून्याखालीं दहा अंशांच्या आसपासच गोठून फुटूं शकते. हल्लीं लिथियमच्या बॅटऱ्या येतात. त्या शून्याखालीं असतांना भारित करूं नयेत.

९. खाण्याचे डबे, बाटल्या, औषधें काढून न्यावीं. शीतपेटीचें दार किंचित् उघडें ठेवावें. खालचीं भोकें बुजवावीं, नाहीं तर उंदीर शिरून तारा कुरतडतात.

वसंतऋतूंत हा क्रम उलटा करावा. स्वच्छ पाणी सोडून द्रवाचा रंग व चव पूर्ण जाईपर्यंत नळ्या धुवाव्या. नंतर दर ५७ लिटर पाण्यास सुमारें ६० मिलिलिटर साधें, सुगंधविरहित कपडे धुण्याचें क्लोरीन-द्रावण या प्रमाणानें टाकी निर्जंतुक करून कांहीं तासांनीं पुन्हां धुवावी. बंब पाण्यानें भरल्याची खात्री झाल्यावांचून तो पेटवूं नये. कोरड्या बंबांतील विजेची तार क्षणांत जळते.

कोणता द्रव भरावा

या सर्व कृतींत नळी फुटली तर पैसा जातो. पण द्रव चुकला तर जीव जाऊं शकतो. म्हणून या कलमाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें.

न गोठणाऱ्या द्रवास बाजारांत अँटिफ्रीझ म्हणतात. परंतु या एका नांवाखालीं दोन निरनिराळे पदार्थ विकले जातात. मोटारीच्या व ट्रॅक्टराच्या रेडिएटरांत घालावयाच्या द्रवांत बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतें. तें विषारी आहे. तें चवीस गोड असल्यामुळें कुत्रीं, मांजरें व लहान मुलें तें चाटतात. पोटांत गेल्यावर शरीरांत त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल बनतें, त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत सांचतात, आणि मूत्रपिंडें निकामी होतात. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत हा पदार्थ कधींही भरूं नये.

ट्रेलराच्या नळ्यांसाठीं निराळा द्रव मिळतो. तो बहुधा गुलाबी रंगाचा असून त्यांत प्रोपिलीन ग्लायकॉल असतें. हा पदार्थ त्या मानानें निरुपद्रवी आहे. कांहीं स्वस्त द्रवांत मद्यार्क मिसळलेला असतो. तो ज्वालाग्राही असून रबरास सुकवितो. परंतु रंगावर विसंबूं नये. रेडिएटरचे द्रव हिरव्या, नारिंगी, तांबड्या अशा अनेक रंगांत येतात. डब्यावर कोणत्या पदार्थाचें नांव आहे व तो पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठीं आहे काय, हें वाचूनच तो घ्यावा.

डब्यावर उणे पन्नास असा आकडा असतो, त्याचाही अर्थ नीट समजून घ्यावा. एक तर तो फॅरेनहाइट मापाचा आहे. सेल्सिअसांत तो सुमारें उणे ४६ होतो. दुसरें, तो द्रव गोठण्याचा आकडा नसून नळी फुटण्यासंबंधींचा आहे. द्रव त्याच्या पुष्कळ आधींच मऊ लगद्यासारखा होतो. मात्र तो लगदा सरकूं शकतो, म्हणून नळीस ताण बसत नाहीं. हा सर्व हिशेब निर्भेळ द्रवाचा आहे. नळ्यांत पाणी राहिलें असेल किंवा काटकसर म्हणून पाणी मिसळलें असेल, तर तो आकडा खोटा ठरतो. नळ्या आधीं रित्या कराव्या असें वर सांगितलें, तें याचसाठीं.

थंडींत ट्रेलरांतच राहावयाचें असल्यास

बिटाच्या कामावर आलेल्या मनुष्यास ट्रेलर मिटवून ठेवतां येत नाहीं. त्यास त्यांतच राहावयाचें असतें. त्यानें ऊब टाकीपर्यंत पोंचेल अशी तजवीज करावी. पुष्कळ ट्रेलरांत वायूच्या भट्टीची ऊन हवा जमिनीखालील टाकींच्या पोकळींतही सोडलेली असते. वायूची बचत करण्यासाठीं कित्येक जण खोलींत विजेची शेगडी लावतात. खोली उबदार होते, म्हणून भट्टी चालतच नाहीं. आणि पायांखालची टाकी निमूटपणें गोठते. बाहेर कडक थंडी असतां भट्टी अधूनमधून चाललीच पाहिजे.

तळाभोंवतीं झालर बांधून वारा अडवावा. खेड्यांत यासाठीं गवताच्या पेंढ्यांचे गठ्ठे लावतात. ते ऊब चांगली धरतात, परंतु आगीचें व उंदरांचें भय लक्षांत घ्यावें. रात्रीं मोरीखालचीं दारें उघडीं ठेवावीं, म्हणजे खोलींतील ऊब नळ्यांस लागते. बाहेरच्या नळाची रबरी नळी तापविण्याची सोय नसल्यास रात्रीं काढून टाकावी व टाकींतील पाणी वापरावें. सांडपाण्याची झडप उघडी ठेवूं नये. बारीक धार नळींत थराथरानें गोठून वाट बंद करिते. टाकी भरूं द्यावी व एकदम सोडावी.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ऊब मिळावी म्हणून चूल, कोळशाची शेगडी किंवा बंद जागेजवळ तेलाचें विद्युत्-यंत्र चालवूं नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. निजलेल्या मनुष्यास तो जागें होऊं देत नाहीं. या वायूची सूचना देणारें यंत्र ट्रेलरांत असावें, आणि एक झरोका कितीही थंडी असली तरी किंचित् उघडा असावा. त्यानें भिंतींवर सांचणारा ओलावाही कमी होतो.

आपल्याकडे यांचा उपयोग

आपल्या महाराष्ट्रांत नळ फुटण्याइतकी थंडी पडत नाहीं. तरीही चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, ट्रॅक्टराच्या रेडिएटरांतील द्रव. आपल्याकडे तो गोठण्यापेक्षां गंज टाळण्यासाठीं व उकळी लवकर न येण्यासाठीं उपयोगी पडतो. म्हणून नुसतें विहिरीचें क्षारयुक्त पाणी घालणें बरें नव्हे. परंतु त्या द्रवांतील विषाची कल्पना फार थोड्यांस असते. डबा गोठ्यांत ठेवूं नये, पेयाच्या बाटलींत काढून ठेवूं नये, आणि बदललेला द्रव अंगणांत ओतूं नये. जनावरें व वासरें तो चाटण्याची भीति खरी आहे.

दुसरी, शेकोटी व शेगडी. द्राक्षबागेंतील शेकोटी उघड्यावर असते, तींत भय नाहीं. परंतु तीच घमेल्यांत भरून बंद खोलींत वा राखणीच्या खोपटांत नेऊन निजणें म्हणजे वर सांगितलेल्या वायूस आंत बोलाविणें होय.

तिसरी, बागेस पाणी देण्याची चाल. निफाड, पिंपळगांव या बाजूस थंडीची लाट आली म्हणजे बागाईतदार रात्रीं किंवा पहाटे बागेस पाणी देतात. ओली जमीन कोरडीपेक्षां दिवसाची अधिक उष्णता सांठविते, विहिरीचें पाणी रात्रींच्या हवेहून ऊन असतें, आणि तें गोठूं लागलेंच तर प्रत्येक ग्रॅमामागें ऐंशी कॅलरी हवेस देतें. जी सुप्त उष्णता ट्रेलराची नळी कांहीं काळ वांचविते, तीच येथें घडाला वांचविते. थंड देशांतील फळबागांत कळ्यांवर रात्रभर पाणी फवारतात, तें याच तत्त्वावर. मात्र तेथें फवारा मध्येंच थांबला तर बाष्पीभवनानें कळी अधिकच थंड होते. अर्धा उपाय निरुपायाहून वाईट ठरतो.

चौथी गोष्ट लडाख किंवा स्पितीकडे हिवाळ्यांत वाहन घेऊन जाणारांसाठीं. ट्रेलरांत बहुधा वापरला जाणारा प्रोपेन शून्याखालीं बेचाळीस अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो. ब्युटेन शून्याच्या जवळच द्रवरूपांत बसून राहतो. आपल्या घरगुती सिलिंडरांत दोहोंचें मिश्रण असल्यामुळें तेथील कडक थंडींत सिलिंडर भरलेलें असूनही शेगडी मंद जळते. तें तापविण्याकरितां त्याखालीं आग कधींही लावूं नये. तें वाऱ्यापासून आडोशास ठेवावें.

ज्यांचीं मुलें तिकडे आहेत, त्यांनीं सप्टेंबरच्या सुमारास बोलतांना एवढेंच विचारावें: टाकी सोडलीस, बंब सोडलास, पण बाहेरच्या फवाऱ्यांतलें पाणी काढलेंस काय, आणि भरलेल्या द्रवाच्या डब्यावरील नांव वाचलेंस काय? या दोन प्रश्नांनीं एखादें घर कुजण्यापासून वांचेल, आणि कदाचित् एखादा जीवही वांचेल.